शिंगरापासून स्वारीपर्यंत : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

दत्तजयंतीला सुरू होणारी सारंगखेड्याची घोडेयात्रा आटोपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते. तापीकाठी एकमुखी दत्ताचे दर्शन घ्यायला गेलेला माणूस परत येताना दोरीला एक वछेरा, म्हणजे तरुण घोडा, बांधून आणतो आणि आठ दिवसांनी त्याला पुढचे प्रश्न पडू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे लहान जनावरांविषयी आहेत. पत्रलेखकांची नावे वगळून फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न (शिरपूर) : आमच्या घोडीला वीस दिवसांपूर्वी पहिले शिंगरू झाले. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, की दूध तुटेपर्यंत त्याला हात लावू नये, नाहीतर ते लाडावून बिघडते. मुलांनी मात्र त्याच्याशी आत्तापासूनच मस्ती सुरू केली आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : हात लावावा, पण मस्ती करू नये. सहा महिने मोकळे सोडलेल्या शिंगराच्या अंगात माणसाला ओढून नेण्याइतके बळ येते, आणि मग पहिली मोहरकी, म्हणजे तोंडावरची दोरी, चढवणे ही कुस्ती होऊन बसते. उलट, पुढचे पाय माणसाच्या खांद्यावर टेकवणाऱ्या आणि बाही चावणाऱ्या शिंगराचे आज कौतुक होते, पण तीनशे किलोचे झाल्यावर ते हेच करील तेव्हा मार खाईल. त्यात दोष त्याचा नसेल.

आधी घोडीशी सलगी असू द्या, कारण आई शांत उभी असेल तर शिंगरू आपोआप जवळ येते. पहिला हात तोंडावर न ठेवता, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यावर ठेवा आणि बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना दातांनी तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर घोड्याची नाडी मंद होते हे मोजून पाहिलेले आहे. शिंगरू मान लांबवून वरचा ओठ हलवू लागले की समजावे, आपला हात त्याला पटला. तिथून खांदा, छाती, पोट, मांड्या आणि शेवटी पाय, असे रोज पाच-सात मिनिटे करावे. ते चुळबुळ करीत असताना हात काढू नये, क्षणभर स्थिर झाले की काढावा. ही एक गोष्ट नीट कळली तर पुढची निम्मी उत्तरे वाचण्याची गरज उरणार नाही, कारण आपला हात ज्या क्षणी सैल पडतो त्या क्षणी जनावर जे करीत असते, तेच ते शिकते.

मोहरकी मऊ सुताची घ्या आणि काम झाले की काढून ठेवा. शिंगराचे डोके आठवड्याआठवड्याला वाढते आणि घालून ठेवलेली मोहरकी नाकाच्या हाडावर रुतते, शिवाय मागचा पाय कान खाजवताना तिच्यात अडकतो. चालवायला शिकवताना त्याला तोंडाने ओढू नका. ओढले की ते मागे रेटते, उभे राहते आणि उलटे पडून टाळू फोडून घेते. एक मऊ दोर त्याच्या पुठ्ठ्यांमागून (मागच्या भागामागून) फिरवून घ्या, पुढचा दोर हलका धरा आणि मागच्या दोराने किंचित सूचना द्या. एक पाऊल पुढे पडले की दोन्ही दोर सैल सोडा. पहिले काही दिवस घोडी पुढे आणि शिंगरू मागे असेच चालवा. पाय उचलण्याची सवयही आत्ताच लावा, म्हणजे दोन महिन्यांच्या सुमारास नालबंद खूर घासायला येईल तेव्हा चार माणसे लागणार नाहीत.

प्रश्न (तळोदा) : यात्रेतून चौदा महिन्यांचा मारवाडी वछेरा आणला. तो कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो आणि जवळ गेले की पुठ्ठा फिरवतो. कानाला हात लावू देत नाही. दोघे जण कान पिळून धरतात तेव्हा कुठे मोहरकी चढते. विकणाऱ्याने तर तो गरीब असल्याचे सांगितले होते.

उत्तर : विकणाऱ्याने कदाचित खोटे सांगितले नसेल. यात्रेत हजारो माणसे, ढोल, ट्रकचा प्रवास आणि दिवसभर अगाडी-पिछाडी (पुढून-मागून बांधलेले दोर) यांत पुष्कळशी जनावरे सुन्न होऊन उभी राहतात आणि खरेदीदाराला तो सुन्नपणा स्वभावाचा गरीबपणा वाटतो. घरी आल्यावर दहा दिवसांनी जो दिसतो तो खरा वछेरा.

सर्वांत आधी कान पिळणे बंद करा, आणि ते आजच बंद करा. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची आत वळलेली टोके हे त्यांचे भूषण, आणि नेमके तेच आपण मुठीत धरतो. कान पिळल्यावर जनावर उभे राहते ते वेदनेने, आणि त्याची आठवण वर्षानुवर्षे टिकते. उद्या लगामाचा पट्टा कानांवरून न्यायचा आहे, तेव्हा तुमचा हात वर येताना पाहूनच तो डोके आभाळात नेईल. आत्तापासून पाच वर्षे स्टुलावर चढून लगाम घालायचा असेल तर कान जरूर पिळावेत.

आता कोपऱ्याविषयी. घोड्याला कपाळासमोर अगदी जवळचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. त्यामुळे मागून जवळ जाणाऱ्याला तो लाथ मारतो, यात दुष्टपणा नसतो. त्याला अरुंद थानावरून काढून साधारण चाळीस-पन्नास फूट लांब-रुंद, भक्कम कुंपणाच्या अंगणात मोकळा सोडा, तारेचे कुंपण मात्र नको. रिकाम्या हाताने आत जा आणि त्याच्या खांद्याच्या रोखाने, तिरके, संथ चाला. जिथे तो डोके उचलून पाहील तिथेच थांबा. तो पुठ्ठा फिरवू लागला तर दोरीचे टोक जमिनीवर हलवून त्याला चालते ठेवा. तो वळला आणि एका डोळ्याने जरी तुमच्याकडे पाहू लागला, तर लगेच दोन पावले मागे सरका. दाब सुटला, हे त्याला कळते. पहिल्या दिवशी या खेळाला तासभर लागेल, चौथ्या दिवशी पाच मिनिटे. हात पोहोचू लागला की वर शिंगरासाठी सांगितलेल्याच क्रमाने पुढे जा, आणि जे डाव्या बाजूला केले ते सगळे उजव्या बाजूला पुन्हा पहिल्यापासून करा, कारण एका बाजूने ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूने दिसली की घोडा पुन्हा नव्यासारखा बिचकतो. आपल्याकडची निम्मी ‘उजवीकडून खोडकर’ घोडी या एका आळसामुळे तशी झालेली असतात.

कानांसाठी मानेवरून हात वर न्या, त्याला सहन होईल तिथवरच, आणि तो डोके उचलण्यापूर्वी खाली आणा. रोज एक बोट वर सरकले तरी पुरे. तोबऱ्यातला दाणा हातून चारण्याचा मोह आवरा, चावरी सवय तिथूनच लागते, दाणा घमेल्यात द्या.

आणखी दोन गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत. वर्ष उलटलेला वछेरा घोडीला फळवू शकतो, त्यामुळे त्याला माद्यांबरोबर सोडू नका. आणि यात्रेहून आलेले जनावर जुन्या जनावरांपासून काही दिवस वेगळे ठेवून पशुवैद्यकाकडून ग्लँडर्सची तपासणी करवून घ्या. हा रोग माणसालाही होतो आणि तो कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. धनुर्वाताची लस दिलेली आहे की नाही हेही त्याच वेळी पाहा.

प्रश्न (चाळीसगाव) : शिंगराला आईपासून कधी तोडावे?

उत्तर : चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान, तेही ते वैरण आणि दाणा नीट खाऊ लागले असेल तर. एका रात्रीत तोडून एकटे कोंडू नका. सोबतीला दुसरे शिंगरू किंवा एखादी म्हातारी घोडी द्या. काहीच नसेल तर बकरीसुद्धा चालते, हे मी हसण्यासाठी लिहीत नाही.

प्रश्न (जामनेर) : माझा वछेरा दोन वर्षांचा आहे, पण अंगाने इतका भरला आहे की पाहणाऱ्याला चार वर्षांचा वाटतो. नातेवाईक म्हणतात, ‘बठी जा, काही व्हत नही.’ येत्या लग्नसराईत नवरदेवासाठी दोन-चार मागण्याही आल्या आहेत. बसवावे का?

उत्तर : नाही. अंग भरलेले दिसते ते मांस आणि चरबी, हाडांचे वेळापत्रक वेगळे असते. पायाची हाडे खालून वर पक्की होत जातात. खुराजवळची लवकर होतात, पण पुढच्या गुडघ्याच्या वरचे हाडाचे वाढते टोक बंद व्हायला साधारण दोन ते अडीच वर्षे लागतात, आणि जिथे खोगीर बसणार त्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालते. हे प्रत्येक घोड्याला लागू आहे, मग तो कितीही थोराड असो.

तोंड उघडून पाहा. पुढचे मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. मधले दात बदलून नवे पूर्ण वर आले नसतील तर खोगिराची गोष्टसुद्धा काढू नये. माझ्या मते हलक्या माणसाने पाठीवर पहिल्यांदा बसावे ते तीन ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान, आणि खरे काम चार पूर्ण झाल्यावर. वजनाचा हिशेबही करून पाहा. पूर्ण वाढलेल्या, निरोगी, कामाला सरावलेल्या घोड्यावर स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार नसावा, असा जुना लष्करी दंडक आहे आणि तो आजही मानला जातो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला तो सत्तर किलो होतो. शेरवानी, फेटा, मांडीवरचा करवला आणि दोन तासांची बँड लावून चाललेली वरात यांचा हिशेब तुम्हीच करा.

वरातीत घोडा नाचवण्याच्या प्रकाराविषयी माझे मत कडू आहे आणि ते मी लपवीत नाही. लगाम वर खेचून आणि त्याच वेळी टाच मारून जो नाच काढला जातो, त्यात जनावराला ‘थांब’ आणि ‘चल’ एकदम सांगितलेले असते आणि सुटकेचा क्षण कुठेच नसतो. दोन वर्षांच्या जनावराला हे शिकवले तर त्याला पुढे कोणतीही सूचना सूचना म्हणून कळत नाही. मागण्या करणाऱ्यांना नम्रपणे नकार कळवा.

प्रश्न (अमळनेर) : आमची वछेरी साडेतीन वर्षांची झाली. मोहरकीवर चांगली चालते, पाय देते. आता खोगीर आणि पहिली स्वारी कशी करावी, ते सविस्तर लिहावे. घाई नाही.

उत्तर : घाई नाही, हे दोन शब्द वाचून बरे वाटले. तयारीला दीड-दोन महिने धरा.

लोखंडी कडी तोंडात घालण्यापूर्वी पशुवैद्यकाला तोंड दाखवा. पहिल्या दाढेच्या पुढे कधी कधी एक बारीक, निरुपयोगी दात उगवतो आणि कडी त्याच्यावर आपटते, मग घोडी डोके झटकते आणि आपण तिला हट्टी ठरवतो. कडी साधी, गुळगुळीत, मधोमध सांधा असलेली घ्या. थंडीत ती हाताने ऊब देऊन घाला. पहिला आठवडा घोडीने ती फक्त चघळावी, पट्टे लावून ओढू नये.

दुसरीकडे काव्यावर धरायला सुरुवात करा, म्हणजे लांब दोरावर गोल फिरवा. कावा शक्य तितका मोठा ठेवा, वीस पावलांहून कमी व्यासाचा नको, आणि दोन्ही बाजू मिळून दहा-बारा मिनिटांत संपवा, कारण लहान वर्तुळात फिरणाऱ्या जनावराच्या सांध्यांवर एकाच अंगाने ताण येतो. काव्याचा उद्देश घोडी दमवणे हा नाही. दमवल्याने ती काही शिकत नाही, उलट रोज थोडी अधिक दमदार होते. ‘चल’ आणि ‘हो’ हे दोन शब्द आवाजावर पक्के झाले की काव्याचे काम झाले. मग दोन लांब दोर घेऊन मागून चालत हाका. गोऱ्हा वखराला लावलेल्या माणसाला हे हातात असते. फरक एवढाच, की बैलाला कासरा जाणवेल इतका ओढला तरी चालतो, घोडीच्या तोंडात मात्र बोटे मुठीत मिटली तरी पुरे व्हायला हवे, आणि ती वळताक्षणी बोटे उघडली पाहिजेत.

खोगिराची ओळख कांबळ्यापासून करावी. घडी घातलेले कांबळे तिला हुंगू द्या, खांद्यावर घासा, पाठीवर ठेवा, काढा, पुन्हा ठेवा, आणि हे दोन्ही बाजूंनी वीस-तीस वेळा करा. नंतर खोगीर. त्याच्या आतली गादी नीट तपासा. चिंध्या कोंबून फुगवलेले खोगीर कण्यावर टेकते आणि पाठ लागते. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण लेखनाला लावतो, पण खरा त्रास तो घोडीला होतो. खोगीर कण्यावर न टेकता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर बसले पाहिजे आणि मधून उजेड दिसला पाहिजे.

तंगाविषयी, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याविषयी, स्वतःची फजिती सांगतो. उमेदीच्या वयात एका पांढऱ्या वछेरीला मी पहिल्यांदा खोगीर चढवले, तेव्हा ओट्यावर दहा-बारा माणसे पाहायला बसली होती. त्यांच्यासमोर हात सफाईचा दिसावा म्हणून मी तंग एकाच झटक्यात शेवटच्या भोकापर्यंत आवळला आणि रिकिबी, म्हणजे स्वाराने पाय ठेवायच्या कड्या, वर बांधायच्या विसरलो. वछेरीने श्वास रोखला, पाठ धनुष्यासारखी वाकवली आणि क्षणभर काहीच झाले नाही. तिने एक पाऊल टाकले, रिकीब पोटावर आपटली, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात तिने अंगणातल्या वाळत घातलेल्या मिरच्या, एक बाज आणि माझे गळ्याजवळचे हाड यांचा निकाल लावला. हाड दीड महिन्यात जुळले. ती वछेरी तंग दिसला की पाठ वाकवायची थांबायला मात्र चार महिने लागले.

म्हणून तंग पहिल्या वेळी फक्त खोगीर घसरणार नाही इतकाच लावा, तिला चार पावले चालवा, एक भोक वाढवा, पुन्हा चालवा. रिकिबी काढून ठेवा. त्या दोन-तीन दिवसांनी लावा आणि मग हळूहळू खाली सोडून पोटाला लागू द्या. खोगीर घालून काव्यावर ती डोके खाली सोडून, फुरफुरत चालू लागली की पुढे जायला हरकत नाही.

पहिली स्वारी बंद अंगणात, सकाळी, दोघांनीच करावी. एक ओळखीचा माणूस दोर सैल धरून तोंडाशी उभा राहील, दुसरा बसेल आणि तो वजनाने हलका असावा. शिरस्त्राण घाला, फेटा त्या कामाचा नाही. ओट्याजवळ किंवा लाकडी ठोकळ्याजवळ तिला उभे करा, आधी नुसते शेजारी उंच उभे राहा, कारण माणूस तिला आजवर डोळ्याच्या रेषेखालीच दिसलेला असतो. मग पोटावर आडवे पडा, दहा मोजा, उतरा. तिने कान तुमच्याकडे वळवले आणि जबडा चघळला तर ठीक. कान मागे चिकटले, शेपूट दाबली गेली किंवा श्वास अडकला तर त्या दिवशी तिथेच थांबा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय हलकेच पुठ्ठ्यावरून न घासता पलीकडे न्या आणि हळू बसा. धपकन बसू नका. दोन मिनिटे मान खाजवा आणि उतरा. चालवायचे उद्या, तेही तोंडाशी असलेल्या माणसाच्या मागे, तीन-चार पावले.

त्यानंतर महिनाभर पंधरा-वीस मिनिटांची स्वारी, आठवड्यातून तीन-चार दिवस, फक्त कदम, म्हणजे सावकाश चाल, आणि मोठी वळणे. टाच म्हणजे ठोसा नव्हे. पोटरी टेकवा, पाऊल पडले की लगेच सैल सोडा. दुडकी, म्हणजे हलकी धाव, दुसऱ्या महिन्यात. मारवाडी रक्ताच्या घोडीत रवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी जलद चाल, उपजत असेल तर ती सावकाश आपोआप बाहेर येते. ती लवकर काढण्यासाठी पायात वजने बांधण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका.

प्रश्न (यावल) : घोडा तोंडाचा कठीण झाला आहे. काटेरी लगाम घालावा का?

उत्तर : घालू नये. तोंड कठीण होते ते सतत ताणलेल्या लगामाने. काट्यांनी ते आधी रक्तबंबाळ आणि मग अधिक कठीण होईल. साध्या कडीवर परत या, महिनाभर फक्त चाल आणि थांबा, आणि थांबताक्षणी पट्टे सोडत जा. दातही तपासून घ्या.

प्रश्न (धुळे) : वछेरी अंगणात उत्तम चालते, पण रस्त्यावर ट्रॅक्टर दिसला की गर्रकन मागे फिरते. मारावे का? आणि उन्हाळ्यात शिक्षण चालू ठेवावे का?

उत्तर : मारल्यास ट्रॅक्टर आला की मार मिळतो एवढेच तिच्या डोक्यात पक्के होईल. आधी बंद ट्रॅक्टर शेतात उभा करून त्याच्या आजूबाजूला तिला पायी चालवा, वाटल्यास त्याच्या शेजारी दाणा ठेवा. मग इंजिन चालू, ट्रॅक्टर जागेवर. मग ट्रॅक्टर पुढे आणि वछेरी त्याच्या मागे, पुरेशा अंतरावर. जी वस्तू आपल्यापासून दूर जाते तिच्या मागे जायला घोड्याला धीर येतो, समोरून येणारी वस्तू शेवटी घ्यावी. रस्त्यावर पहिले महिने एखादी जाणती घोडी सोबत असू द्या. ती बिचकली तर तोंड वळवून झगडू नका. तिला थांबून पाहू द्या, आणि एक पाऊल पुढे टाकले की लगाम सैल सोडून मान खाजवा. उतरायचे असेल तर ती शांत उभी असताना उतरा. गर्रकन फिरल्यावर घाबरून उतरलात, तर फिरले की ओझे उतरते हे ती एका दिवसात शिकेल.

खानदेशच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा काम सकाळी आठच्या आत संपवावे किंवा मे महिना सरळ सुटीचा धरावा. शिकलेले ती विसरत नाही. काळ्या रानात भेगा पडल्या असतील तर तिथे दुडकी काढू नका, पाय अडकून मोडतो. पावसाळ्यात त्याच मातीत पाय रुतून शिरा ताणल्या जातात. तापी किंवा पांझरेच्या काठी पाण्यालगत ओलसर, घट्ट झालेली वाळू मिळते ती सर्वांत चांगली. कोरड्या खोल वाळूत मात्र दहा मिनिटांवर नेऊ नका. घाम आलेल्या घोडीला सावलीत चालवत निववा, अंगावर पाणी ओता, ते हाताने निपटून पुन्हा ओता, आणि पिण्याचे पाणी रोखून धरण्याची जुनी पद्धत सोडून द्या, थोडे थोडे लगेच पाजावे. दाण्याबरोबर रोज मीठ द्यावे.